दुर्वासाचा शाप आणि हयात नायक : एका फिनिश चरित्रपटाच्या निमित्ताने

१

चरित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक जे मत देतो ते नेमके कशाविषयीचे असते, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. 'चित्रपट आवडला' किंवा 'आवडला नाही' हे विधान व्याकरणदृष्ट्या चित्रपटाविषयीचे आहे. प्रत्यक्षात मात्र त्यात निदान तीन निर्णय एकमेकांत मिसळलेले असतात : कलाकृतीविषयीचा, ती ज्याच्यावर आधारली आहे त्या माणसाविषयीचा, आणि तो माणूस व आपण यांच्यातील नात्याविषयीचा. हे तीन निर्णय वेगळे करता येतील का, आणि करता आले तरी ते करावेत का, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी एक उदाहरण घेतले आहे. अलेक्सी मॅकेला या दिग्दर्शकाचा 'मात्ती' हा फिनिश चित्रपट जानेवारी २००६ मध्ये प्रदर्शित झाला. मात्ती न्युकॅनेन या जगप्रसिद्ध स्की-उडीपटूच्या आयुष्यावर तो आधारलेला आहे.

उदाहरण दूरचे आहे, आणि ते दूरचे असण्यात एक सोय आहे. ज्या नायकाविषयी आपल्या मनात आधीपासून भक्ती किंवा चीड नाही, त्याच्या निमित्ताने भक्ती आणि चीड यांच्या स्वरूपाचा विचार अधिक निवांतपणे करता येतो.

२

प्रथम वस्तुस्थिती. न्युकॅनेनचा जन्म १९६३ साली युवॅस्क्युला या गावी झाला. बर्फाच्छादित उतारावरून घसरत येऊन हवेत झेपावणे आणि शक्य तितके दूर, शक्य तितक्या डौलाने उतरणे, असा हा खेळ. त्यात अंतरालाही गुण असतात आणि शैलीलाही, म्हणजे मोजमाप आणि सौंदर्यनिर्णय या दोहोंना त्यात स्थान आहे. प्रशिक्षक मात्ती पुल्ली यांच्या हाताखाली घडलेल्या या खेळाडूने १९८२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, विश्वविजेतेपद मिळविले. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये त्याने एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक जिंकले. १९८५ साली प्लानित्सा येथे १९१ मीटर उडी मारून त्याने विश्वविक्रम केला, आणि १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये लहान टेकडी, मोठी टेकडी आणि सांघिक अशा तिन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळविली. विश्वचषकाच्या वैयक्तिक स्पर्धांतील त्याच्या ४६ विजयांचा विक्रम २०१३ पर्यंत कोणी मोडू शकले नाही.

उतरणीचा इतिहास तितकाच सुस्पष्ट आहे. मद्यासक्ती, मोडलेले विवाह, पैशांची चणचण, १९९२ पासून गायक म्हणून केलेले प्रयत्न, पुढे करमणुकीच्या ठिकाणी वस्त्रे उतरविण्याचे कार्यक्रम, आणि शेवटी हिंसा. ऑगस्ट २००४ मध्ये एका परिचितावर चाकूने वार केल्याबद्दल त्याला अटक झाली, आणि त्याच वर्षी त्याला २६ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. सप्टेंबर २००५ मध्ये तो सुटला. त्यानंतर काही दिवसांतच आपल्या जोडीदार स्त्रीला मारहाण केल्याच्या प्रकरणात तो पुन्हा पोलिसांच्या ताब्यात गेला. चित्रपट प्रदर्शित झाला तो त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी.

या चार महिन्यांकडे समीक्षेने बारकाईने पाहिले पाहिजे. फिनलंडची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ५२ लाख होती, आणि त्यांपैकी चार लाखांहून अधिक लोकांनी हा चित्रपट चित्रपटगृहात जाऊन पाहिला. त्यांतील बहुतेकांनी नायकाची ताजी कर्मकहाणी आदल्या वर्षभरात वृत्तपत्रांतून आणि चविष्ट बातम्यांच्या साप्ताहिकांतून वाचलेली होती. त्यांच्या दृष्टीने चित्रपटाचा नायक हे इतिहासातील पात्र नव्हते. कालच्या बातमीतला तो माणूस होता. चित्रपटाच्या शीर्षकात केवळ पहिले नाव आहे, आडनाव नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. अख्ख्या देशाने एका माणसाशी जोडलेली एकेरी सलगी त्या नावात आहे. तिच्यात प्रेम आहे, हक्क आहे आणि थोडी तुच्छताही आहे.

मराठी चरित्रात्मक कादंबरीच्या चर्चेत नैतिक प्रश्न येतात ते बहुधा इतिहासाशी प्रामाणिक राहण्याच्या संदर्भात. 'स्वामी'चा नायक कादंबरीपूर्वी जवळजवळ दोन शतके निवर्तलेला होता. कादंबरीकाराने त्याच्याशी अन्याय केला तर त्याची दाद इतिहासकाराने मागावयाची. 'मात्ती'चा नायक आपल्यावरचा चित्रपट पाहू शकत होता. त्याच्या हातून मार खाल्लेली माणसेही तो पाहू शकत होती.

३

अशा चित्रपटाविषयी प्रेक्षक कोणकोणती मते देतात? एक प्रेक्षक म्हणतो : प्रमुख भूमिकेतील यास्पर पॅक्कोनेन हुबेहूब मात्ती दिसतो, बोलतो, चालतो. दुसरा म्हणतो : यात नवे काय आहे, हे सर्व आम्ही वाचले होते, खेळ कमी आणि बाटली जास्त. तिसरा मनमुराद हसतो. चौथ्याला वाईट वाटते. इतक्या मोठ्या गुणवत्तेची अशी धूळधाण व्हावी, याने तो हळहळतो. पाचव्याचा आक्षेप असा की, बायकांना मारणाऱ्या माणसाला पडद्यावर आणून आपण त्याचे कौतुकच करतो आहोत. खेळाडूंवरील कोणत्याही चरित्रपटाला या पाचही मतांना कमीअधिक प्रमाणात सामोरे जावे लागते, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

हुबेहूबपणाचे मत सर्वांत निरुपद्रवी वाटते, परंतु सिद्धांताच्या दृष्टीने तेच सर्वांत बोधप्रद आहे. नटाला पाहून होणारी 'हा राम आहे' ही प्रतीती सत्य ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो तशी ती एक विलक्षण प्रतीती आहे, असे श्रीशंकुकाने मानले. 'चित्रतुरगन्याय' म्हणून अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते परिचित आहे. त्यात सादृश्याला मुद्दाम वगळलेले आहे. मूळ राम कोणीच पाहिलेला नसल्यामुळे नट त्याच्यासारखा आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. चरित्रपटाच्या, आणि विशेषतः हयात व्यक्तीवरील चरित्रपटाच्या बाबतीत मात्र चित्रातल्या घोड्याशेजारीच खरा घोडा बांधलेला असतो. शंकुकाने ज्याला दाराबाहेर ठेवले ते सादृश्य येथे अगदी मानाच्या जागी येऊन बसते. नट मूळ माणसासारखा आहे का, हा प्रश्न प्रेक्षक सतत विचारतो, आणि ती तुलना चालू असेपर्यंत भट्टनायकाला अभिप्रेत असलेले साधारणीकरण अडून राहते. दुःख 'कोणाचेही' होत नाही, ते 'मात्तीचे'च राहते.

येथे अलौकिकतावादी भूमिका अशी घेता येईल की, हा प्रेक्षकाचा दोष आहे. त्याने चित्रपटाकडे स्वायत्त रचना म्हणून पाहावे, न्युकॅनेन नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता असे समजून पाहावे. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिचे महत्त्व अशा ठिकाणी जाणवते. काही कलाप्रकार एका ध्रुवाच्या निकट असतात, काही दुसऱ्याच्या. चरित्रपट हा असा प्रकार आहे की, लौकिक संदर्भ काढून घेतल्यास तो अधिक शुद्ध होत नाही. तो वेगळीच वस्तू होतो. एका उडीपटूच्या पतनाची काल्पनिक कथा आणि न्युकॅनेनच्या पतनाची कथा या दोहोंतील प्रत्येक दृश्य सारखे असले तरी त्या एकच कलाकृती नव्हेत. कारण दुसरीत प्रत्येक दृश्य हे एका खऱ्या माणसाविषयीचे विधानही आहे. ज्या कलाकृतीने स्वतःच्या आकर्षणासाठी खऱ्या नावाचा उपयोग केला, तिला त्या नावाचे ऋण नाकारता येणार नाही. 'हे खरे आहे' म्हणून प्रेक्षकाला बोलवायचे आणि आक्षेप आला की 'ही तर कला आहे' असे म्हणायचे, ही दुटप्पी भूमिका होईल.

'यात नवे काय' हा दुसरा आक्षेप याच ऋणाची मागणी वेगळ्या शब्दांत करतो. बातमीने जे दिले त्यापेक्षा कलेने काही अधिक द्यावे, ही ती अपेक्षा आहे. बातमीपेक्षा अधिक म्हणजे अधिक माहिती नव्हे. जी माहिती सर्वांनाच आहे तिच्याकडे पाहण्याची वेगळी जागा. ती जागा कोणती, याचा विचार हसू, करुणा आणि निषेध या उरलेल्या तीन प्रतिसादांच्या संदर्भात करता येईल.

४

न्युकॅनेनवर फिनलंड वर्षानुवर्षे हसत होता. त्याची अर्धवट इंग्रजी-फ्रेंच शब्दांची सरमिसळ असलेली, अर्थ निसटलेली सुभाषिते लोकांच्या तोंडी म्हणींसारखी रुळली होती. त्याच्याविषयीच्या चित्रपटात विनोद नसता तर तेच खोटे ठरले असते. तेव्हा चित्रपटाने हसवावे का, असा प्रश्न नसून कोठपर्यंत हसवावे असा आहे.

काव्यशास्त्रात ॲरिस्टॉटलने हास्यकारक गोष्टीची जी व्याख्या केली तिच्यातच या प्रश्नाची सीमारेषा आहे. हास्यास्पद म्हणजे असा दोष किंवा कुरूपता, जी वेदना देत नाही आणि विनाश घडवीत नाही. अभिनवगुप्ताचा विचार वेगळ्या वाटेने जातो, पण तो येथे अधिक उपयोगी आहे. अनौचित्याने प्रवृत्त झालेली कोणतीही गोष्ट हास्याचा विभाव होऊ शकते, म्हणून शृंगाराचा, वीराचा, करुणाचाही आभास हास्याला जन्म देतो, असे तो म्हणतो. ऑलिंपिकवीर रंगमंचावर कपडे उतरवतो तेव्हा वीराचा आभास होतो, आणि आपण हसतो. हे हसणे स्वाभाविक आहे. त्यात क्रौर्य असले तरी अनौचित्याची अचूक जाणीवही आहे.

परंतु २००४ च्या घटनेत या हसण्याची कसोटी लागते. त्या रात्रीच्या भांडणाचे निमित्त बोटे अडकवून ओढाओढी करण्याच्या खेळातील पराभव हे होते, असे वृत्तांत सांगतात. चार सुवर्णपदकांचा मानकरी बोटे ओढण्याच्या खेळातील हार सहन करू शकत नाही! एवढ्यावर थांबले तर हा उत्तम विनोद आहे. जिंकण्याच्या सवयीचे ते मर्मभेदक विडंबनही आहे. पुढच्याच क्षणी चाकू येतो आणि माणूस रक्तबंबाळ होतो. ॲरिस्टॉटलची रेषा या दोन क्षणांच्या मधून जाते. प्रेक्षक पहिल्या क्षणी हसला यात गैर काही नाही. दुसऱ्या क्षणी त्याचे हसू थांबले की नाही, आणि ते थांबविण्याची व्यवस्था चित्रपटाने केली की नाही, हे पाहावे लागते. हसू पुढे तसेच चालू राहिले तर जखमी माणसाचे रूपांतर विनोदाच्या साहित्यात होते. अनौचित्य आता पात्राच्या वागण्यात उरत नाही, ते रचनेत शिरते. अनौचित्यावाचून रसभंगाचे दुसरे कारण नाही, असे आनंदवर्धन म्हणतो, ते येथे शब्दशः लागू पडते. नैतिक आक्षेप आणि सौंदर्यात्म आक्षेप या बिंदूवर दोन राहत नाहीत.

५

करुणेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण करुणेला आपण सहसा आक्षेप घेत नाही. पडझड झालेल्या नायकाविषयी हळहळणे ही सहृदयतेची खूण मानली जाते. मात्र ही हळहळ कशाच्या आधारे निर्माण केली जाते, हे तपासले पाहिजे.

कथानायकाच्या किंवा रसाच्या दृष्टीने जे अनुचित असेल ते मूळ इतिवृत्तातून गाळावे किंवा बदलावे, असा सल्ला आनंदवर्धनाने दिला, आणि धनंजयाच्या दशरूपकातही तो आहे. या सल्ल्याचे सर्वोत्कृष्ट उदाहरण म्हणजे शाकुंतल. महाभारतातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि तरीही भर सभेत नाकारतो. कालिदासाचा दुष्यंत तिला ओळखतच नाही, कारण मध्ये दुर्वासाचा शाप आलेला आहे. कृत्य तेच राहते, कर्तृत्व मात्र नायकाच्या अंगावरून काढून घेतले जाते. प्रेक्षक दुष्यंताचा द्वेष न करता त्याच्यासाठी व्याकूळ होऊ शकतो.

पतित नायकावरील प्रत्येक चरित्रपटाला आपापला दुर्वास लागतो. न्युकॅनेनच्या बाबतीत तो शोधण्याचे कष्ट नाहीत. मद्य आहे. कोवळ्या वयात अंगावर कोसळलेली कीर्ती आहे. कीर्तीभोवती गोळा होणारी माणसे आहेत. चित्रपटात पीटर फ्रांझेनने साकारलेले निक नेवाडा हे पात्र त्या गोतावळ्यातले. त्याच्या प्रत्येक पडण्यावर पाने भरणारी नियतकालिके आहेत. खेळ हाच स्वभाव झालेल्या माणसाकडून खेळ निघून गेल्यावर उरणारी पोकळी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस यान बोक्लव या स्वीडिश उडीपटूने स्कीची टोके फाकवून उडण्याची पद्धत आणली, आणि पुढच्या काही वर्षांत ती सर्वमान्य झाली. जुन्या समांतर शैलीचा सर्वश्रेष्ठ साधक अशा रीतीने तिशीच्या आतच इतिहासजमा झाला. यांतील एकही कारण खोटे नाही. आणि नेमके म्हणूनच शापाचा मोह अधिक आहे.

कारण सांगणे आणि क्षमा करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. कथनाच्या ओघात मात्र त्यांतील अंतर बुजते. पी. एफ. स्ट्रॉसन यांनी १९६२ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात माणसाकडे पाहण्याच्या दोन भूमिकांमध्ये केलेला भेद येथे साहाय्यक होतो. एक भूमिका सहभागाची : तीत आपण दुसऱ्यावर रागावतो, त्याचे उपकार मानतो, त्याला क्षमा करतो, म्हणजेच त्याला आपल्या कृत्यांचा धनी समजतो. दुसरी भूमिका वस्तुनिष्ठ : तीत आपण त्याला सांभाळण्याची, उपचार करण्याची, आवरण्याची बाब मानतो. नात्यांच्या ताणातून सुटका म्हणून आपण पुष्कळदा दुसऱ्या भूमिकेचा आश्रय घेतो, असेही स्ट्रॉसन सुचवितात. या प्रकाशात पाहिले तर हसणारा प्रेक्षक आणि हळहळणारा प्रेक्षक हे वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. एकाने न्युकॅनेनला विदूषक केले, दुसऱ्याने रुग्ण. दोघांनीही त्याला उत्तरदायी माणसांच्या वर्तुळाबाहेर काढले. कोणी विदूषकाला जाब विचारत नाही, आणि रुग्णालाही नाही.

येथे कालिदासाकडे पुन्हा जावे लागते, कारण शापाची युक्ती वापरूनही तो जे करतो ते चरित्रपटकर्त्यांनी क्वचितच केले आहे. शापामुळे दुष्यंत निर्दोष ठरतो, तरी कालिदास त्याला मोकळा सोडत नाही. अंगठी सापडल्यावर सहावा अंक जवळजवळ संपूर्णपणे पश्चात्तापाचा आहे. तेथे राजा 'मला शाप होता' असे म्हणत नाही, त्याला शाप ठाऊकही नाही. तो ते कृत्य आपलेच समजून जळतो. सातव्या अंकात तो शकुंतलेच्या पाया पडतो. म्हणजे प्रेक्षकासाठी शाप आहे आणि नायकासाठी जबाबदारी आहे. आणखी महत्त्वाचे असे की, पाचव्या अंकात सभेत उभी असलेली शकुंतला गप्प नाही. ती संतापते, राजाला खडसावते. तिचा अपमान प्रेक्षकाने तिच्या बाजूने पाहिलेला असतो, आणि म्हणूनच पुढचा पश्चात्ताप पोकळ वाटत नाही.

चरित्रपटात नेमकी हीच शकुंतला हरवते. कॅमेरा एका माणसाबरोबर हिंडतो, त्याच्याबरोबर उंच जातो आणि त्याच्याबरोबर कोसळतो. त्याच्या वाटेत आलेली माणसे त्याच्या आयुष्यातील 'प्रसंग' होतात. आंतरराष्ट्रीय वितरणासाठी या चित्रपटाच्या नावाला 'हेल इज फॉर हीरोज' अशी जोड दिली गेली. नरक हा नायकांसाठी असतो, असा त्याचा आशय. त्यात एक गर्भित दावा आहे : नरकातला मुख्य रहिवासी नायक आहे. पण ज्या घरात हात उगारला जातो त्या घरात नरक कोणासाठी असतो? मारणाऱ्याचे आत्मिक दुःख खरे असू शकते. मार खाणारीचे दुःख मात्र त्याच्या दुःखाचे विशेषण म्हणून येऊ नये.

६

पाचवे मत, निषेधाचे, आता सहज मान्य करावेसे वाटेल : असा चित्रपट काढूच नये. हे मत गंभीर आहे, तरी ते स्वीकारण्यात एक धोका आहे. चित्रपट काढला नाही म्हणून न्युकॅनेनची प्रतिमा निर्माण व्हायची थांबत नाही; ती विक्रमांच्या तक्त्यात आणि त्याच्या गावी त्याचे नाव दिलेल्या टेकडीवर शिल्लक राहतेच. २०१६ चा 'एडी द ईगल' हा चित्रपट हे चांगले दाखवितो. कॅलगरीत दोन्ही वैयक्तिक स्पर्धांत शेवटच्या आलेल्या ब्रिटिश उडीपटूची ती कथा. त्याच स्पर्धांत पहिला आलेला न्युकॅनेन तिच्यात एक दुय्यम पात्र आहे : शांत, गूढ, जवळजवळ ऋषितुल्य. तो एडीला सांगतो ते असे की, आपण दोघे घड्याळाच्या तबकडीवर एक आणि अकरा या आकड्यांसारखे, दिसायला दूर पण प्रत्यक्षात निकट आहोत. दृश्य सुंदर आहे. पण त्या शिक्षा, ती घरे, ती माणसे त्यात कोठेच नाहीत, आणि दुसऱ्याच्या कथेत त्यांना जागा असण्याचे कारणही नाही. दुसऱ्याच्या चरित्रपटात अलंकार होऊन गेलेला न्युकॅनेन निष्कलंक होतो. त्याच्या पतनाची कथा सांगणारा चित्रपट, त्याचे दोष काहीही असोत, निदान विसरण्याला विरोध करतो.

तेव्हा प्रश्न दाखवावे की दाखवू नये, असा नाही. दाखविताना कथेचा शेवट कोणाच्या हाती होता, असा तो आहे. प्रत्येक चित्रपटाला शेवट करावा लागतो; २००६ साली न्युकॅनेनच्या आयुष्याला शेवट नव्हता. चित्रपटाने आपली आकृती पूर्ण केली, पण आयुष्य त्या आकृतीत मावले नाही. ऑगस्ट २०१० मध्ये पत्नीवरील गंभीर हल्ल्याबद्दल त्याला १६ महिन्यांची शिक्षा झाली. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो निवर्तला. 'मात्ती' आज पाहणारा प्रेक्षक २००६ च्या प्रेक्षकाला ठाऊक नसलेल्या या दोन तारखा जाणतो. चित्रपट तोच आहे. पण मद्यधुंद प्रसंगावरचे हसू २०१० नंतर जड होते आणि हळहळ २०१९ नंतर सोपी होते. माणूस मरेपर्यंत त्याला सुखी म्हणू नये, या सोलोनच्या नावावरील जुन्या वचनाची येथे आठवण होते. हयात माणसाला शोकांतिकेचा नायक म्हणण्याविषयीही तोच संयम हवा. शोकांतिका म्हटले की पुढचे सर्व अटळ होते, आणि जो अजून जगतो आहे त्याच्या हातून उद्याचा दिवस काढून घेतला जातो. २००६ ते २०१० ही चार वर्षे कोणत्याही संहितेत लिहिलेली नव्हती. तो सुधारू शकला असता. तो सुधारला नाही, हे त्याचे कृत्य आहे. त्याची नियती नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, ही सगळी चर्चा चित्रपटाबाहेरची झाली. तसे नाही. हसू कोठे थांबवायचे, कारणांची मांडणी करताना कर्ता कोठे ठेवायचा, जिच्यावर हात उगारला गेला तिचा चेहरा पडद्यावर किती वेळ राहू द्यायचा, शेवट बंद करायचा की उघडा ठेवायचा, हे सर्व पटकथेचे, संकलनाचे, अभिनयाचे प्रश्न आहेत. चरित्रपटाची नीती त्याच्या विषयनिवडीपेक्षा या निर्णयांत राहते. म्हणून 'चांगला चित्रपट आहे, पण नैतिकदृष्ट्या आक्षेपार्ह' अशी वाटणी करणारे मत मला अपुरे वाटते. ज्या चित्रपटात एका माणसाच्या दुःखासाठी दुसऱ्या माणसाचे दुःख केवळ साहित्य म्हणून वापरले जाते, तो चित्रपट म्हणूनही तितका कमी चांगला असतो. त्याने आपल्याच जगातील एक माणूस नीट पाहिलेला नसतो.

प्रेक्षकाच्या मताविषयीही याच दिशेने काही म्हणता येईल. चार लाख लोकांपैकी कोणी हसले असतील, कोणी हळहळले असतील, कोणी रागावले असतील. या तीन प्रतिसादांतून एक निवडण्याची गरज नाही. त्यांतील प्रत्येकाने इतर दोघांना बोलू दिले की नाही, हे महत्त्वाचे. नुसते हसणे त्याला विदूषक करते, नुसती हळहळ रुग्ण करते, नुसता राग राक्षस करतो. तिन्ही ठिकाणी तो आपल्यासारखा उरत नाही, आणि आपण निश्चिंत होतो. त्याच्या उड्यांचे सौंदर्य मान्य करणे, त्याच्या घसरणीची कारणे समजून घेणे, आणि तरीही त्याने जे केले ते त्यानेच केले असे म्हणणे, हे तीनही एकाच वेळी करणारे मत देणे कठीण आहे. पण माणसाला माणूस म्हणून वागविण्याची तेवढीच एक रीत आहे. जाब विचारणे हा त्याच्यावरचा अन्याय नव्हे. ज्याला कोणी जाब विचारत नाही, त्याचा माणूस म्हणून मान आधीच गेलेला असतो.